शेपटीतले उलटे झोत

"आज पाचला समिती बसतेय. खोटे आकडे घातले म्हणून माझी पीएच.डी. रद्द करणार. सहा वर्षं गेली हो माझी!" मुलगी रडकुंडीला आली होती.

वहिनींनी तिला पाणी दिलं. गुन्ह्यांच्या शोधकामात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. दीर बरोबर असायचा तो निव्वळ पिशवी धरायला, असं तो स्वतःच म्हणे.

सूर्याकडून येणारा वारा ग्रहाचं चुंबकी क्षेत्र मागे ओढतो, त्याची लांबलचक शेपटी होते. तिच्यातून प्लाझ्मा, म्हणजे विद्युतभारित वायू, वाहतो. मुलीने ग्रहाकडे येणारे चाळीस झोत शोधले होते. तिच्या फाईलीत ग्रहाकडे म्हणजे अधिक, दूर म्हणजे वजा. समितीने तेवढ्याच चाळीस ओळी छापून घेतल्या, तर प्रबंधाच्या उलट, सगळ्यांपुढे वजा! तेव्हापासून आठवडाभर फाईल कुणालाच उघडता येत नव्हती. मूळ नोंदी परत मागवायला महिना लागणार.

"फाईल आणखी कोण उघडत होतं?"

"माझा सहकारी आणि आमचे सर. सरांनीच मला या विषयात आणलं."

सहकारी घुश्शातच होता. "चाळीस चिन्हं फिरवायला पाच मिनिटं पुरतात. पण मी नाही फिरवली."

"शेपटीचं चित्र काढा बघू," वहिनी म्हणाल्या. त्याने ग्रहाकडे बाण काढून अधिक लिहिलं.

सरांचा अधिकाचा बाण मात्र शेपटीच्या टोकाकडे गेला. "आमच्या जुन्या उपग्रहाची हीच रीत. तीस वर्षांची सवय." मग सुस्कारा टाकून म्हणाले, "पोरीच्या हजारो ओळी उलट्या झाल्या. वाईट वाटतं."

वहिनींनी समितीकडून फाईल उघडवून घेतली. पावणेपाचला सगळ्यांना एकत्र बसवलं.

"वैऱ्याने चाळीस ओळी फिरवल्या असत्या. इथे तीन हजार ओळींचा अख्खा रकाना फिरलाय. हा खोडसाळपणा नाही, दुरुस्ती आहे. ज्याच्या हाताला अधिक म्हणजे ग्रहापासून दूर अशी सवय, त्याला तिची चिन्हं चुकलेली वाटली."

दीर गोंधळला. "म्हणजे सर? पण ही तर चूक झाली, वहिनी. यात गुन्हा कुठे आला?"

"भाऊजी, समितीने चाळीसच ओळी दाखवल्या. मग हजारो फिरल्या हे सरांना कसं ठाऊक?"

सर हळूच म्हणाले, "त्या चाळीस ओळी पाहिल्या तेव्हाच समजलं, रकाना मीच फिरवला होता. चार महिन्यांत निवृत्त होतोय. वाटलं, निघेल काहीतरी मार्ग..."

"मी पहिला फोन तुम्हालाच केला होता," मुलगी म्हणाली. "तुम्ही म्हणालात, नीट आठव, तुझ्याच हातून झालं असेल."

पाच वाजले. सर उठले, दाराशी तिच्यासाठी थांबले. ती जागची हलली नाही.

"एकटेच जा, सर. आठवडाभर समितीपुढे मी एकटीच जात होते."