चार पावलांवरचं दार

मीठमसाला लावून सांगायची मला सवय नाही. मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे. एखादी गोष्ट पुन्हा घडल्याशिवाय ती घडली असं मी मानत नाही. ही पुन्हा पुन्हा घडते आहे, म्हणून लिहायला बसले.

मागच्या वर्षीचं लक्ष्मीपूजन. तिन्हीसांजेची वेळ. चेन्नईत अड्यारला, तिसऱ्या मजल्यावर आमचा भाड्याचा फ्लॅट.

माझा नवरा मंदार अंबत्तूरच्या कारखान्यात अडकला होता. इथली दिवाळी पहाटेच्या आंघोळीलाच उरकते. आमची संध्याकाळी सुरू होते, हे त्याच्या साहेबाला कोण सांगणार?

घरात मी आणि आमची तीन वर्षांची स्वरदा. गॅसवर चकल्यांसाठी तेल तापत ठेवलं होतं.

दारात रांगोळी काढली. छाप्याने लक्ष्मीची पावलं उमटवली. तेव्हा शेजारच्या दाराकडे लक्ष गेलं...

उंबऱ्यापाशी कोलम नव्हतं.

शेजारची कृष्णवेणी रोज सकाळी सडा घालून कोलम, म्हणजे इथली रांगोळी, काढायची, एक दिवस चुकायची नाही. आम्ही नाशिकला जाऊन आदल्या दिवशीच परतलो होतो. वाटलं, तीही लेकीला घेऊन माहेरी गेली असेल. सणासुदीला दार असं भुंडं बरं दिसत नाही. शेजारधर्म म्हणून तिच्याही दारात पावलं उमटवली. आत जाणारी. वर एक पणतीही लावली.

नसती उठाठेव. दुसरं काय!

हात झटकले आणि वळले. आमचं दार उघडंच होतं. चार पावलांवर. आतला दिवा दिसत होता, तेलाचा वास येत होता.

चालू लागले.

चालत राहिले...

दार तेवढंच लांब.

आधी वाटलं, उपास बाधला. भिंतीला हात लावून चालले. भिंत हाताखालून सरकत होती. पायाखालच्या फरश्या मागे जात होत्या. दार मात्र जवळ येईना.

मागे वळून पाहिलं...

कृष्णवेणीच्या दारातली पणती माझ्या टाचेशीच होती.

मग मी धावले. जीव खाऊन धावले.

रस्त्यावरच्या फटाक्यांचा आवाज कधी थांबला, कळलंच नाही. लिफ्टची घरघर नाही. कुत्रं नाही. फक्त माझ्या पावलांचा आवाज. आणि तोही...

आवाज आधी येत होता. पाऊल नंतर टेकत होतं.

“स्वरदा! ओट्याजवळ जाऊ नकोस!” मी ओरडले. तेल आता जळायला लागलं होतं. तिला स्टूल ओढून ओट्यावर चढायची खोड होती. मला दुसरं काही सुचत नव्हतं. फक्त ती कढई दिसत होती.

आतून तिचं रडणं ऐकू आलं. अगदी कानाशी.

आणि त्यानंतर...

स्टूल पडल्याचा आवाज आला.

रडणं आधी. पडणं नंतर. मी दाराकडे हात लांब केला. बोटं आणि चौकट यांत वीतभरच अंतर होतं. ते वीतभर काही केल्या संपेना. मी रडत होते, देवाचं नाव घेत होते, आईला हाका मारत होते.

मग आतून एक बाई बोलली.

“आले गं बाळा. आले.”

तो आवाज माझा होता.

स्वरदाचं रडणं थांबलं...

“सावनी! असें काय उभ्या आहांत?”

लिफ्टपाशी राजसबाई उभ्या होत्या. आमच्या घरमालकीणबाई. त्यांचं घराणं तंजावरचं, मराठी जुन्या वळणाचं. हातात लेहियमची, म्हणजे इथल्या दिवाळीच्या औषधी चाटणाची, वाटी.

माझा हात आमच्या चौकटीवर होता. फटाके वाजत होते.

मी आत धावले. स्टूल आडवं पडलं होतं. गॅस बंद होता. स्वरदा हॉलमध्ये खेळत बसली होती, अंगावर ओरखडासुद्धा नाही. मी तिला घट्ट धरलं. ती वैतागली.

“सोड ना. आत्ताच घेतलंस की.”

राजसबाई दारातच थांबल्या होत्या. त्या शेजारच्या उंबऱ्याकडे बघत होत्या.

“हीं पावलें कोणी काढलीं?”

“मी.”

“अय्यय्यो! सुतक हो त्या घरीं! म्हणून तर कोलम नाहीं. कृष्णवेणी गेली. ऑफिसातून घरीं येत होती, वाटेंतच... पाप्पाला, तिच्या लेकीला, आजोळीं नेलें.” त्या खाली बसल्या. “आणि तुम्हीं तिला आंत बोलावलांत.”

मी त्यांना सगळं सांगितलं. त्या हळूच म्हणाल्या, “लांब-जवळ, आधीं-मग, हें जित्यांचें बाई. मेल्यास त्यांतलें कांहीं नाहीं. ती घरीं पोंचतच राहिली असेल. तुम्हीं तिच्या वाटेवर गेलांत, ती तुमच्या.”

मंदारला हे पटत नाही. “अंतर काय, डोक्यातच असतं,” तो म्हणतो. “घाबरलं की चार पावलं मैलभर होतात. आणि आधी काय, नंतर काय, हे मेंदू मागाहून जुळवतो. जुळवताना चुकतो.”

“आणि गॅस?”

“तूच बंद करून गेली असशील.”

असेलही. मी शंभरदा आठवून पाहिलं. तसं असतं तर किती बरं झालं असतं.

महिन्याभरात आम्ही घर बदललं. वेळाचेरीला आलो. लांब गेलो की सुटू, असं वाटलं होतं.

लांब!

परवा स्वरदा बेडरूममध्ये पडली. मी स्वयंपाकघरातून धावले. आमचं घर ते केवढं! पण मी निम्म्यावर असतानाच रडणं थांबलं. नेहमीसारखंच. ती पडते, रडते, मी धावते... आणि मी पोचायच्या आत ती गप्प झालेली असते.

ती जमिनीवर बसली होती. पाठ जराशी मागे रेललेली. मागे भिंत नव्हती.

मी हात पुढे केले. तिने माझ्याकडे पाहिलं. घाबरून नाही, परक्या माणसाकडे पाहावं तसं पाहिलं.

“तू कशाला आलीस?” ती म्हणाली. “आई आली ना.”