आवाज येतोय तोवर

नदीकाठच्या कापित गावाच्या धक्क्यावर उम्पांगची नि माझी पहिली भेट झाली ती त्याच्या पोत्याला ठेच लागून. लाँचमधून उतरणाऱ्यांची झुंबड, वरून बारीक पाऊस, आणि हा गृहस्थ वाटेच्या मधोमध पोतं टाकून खांदा चोळत उभा!

"डोळे आहेत ना रे तुला?" मी करवादले.

"मला आहेत. पण... पोत्याला नाहीत."

मी आणखी चार शब्द सुनावणार होते, तेवढ्यात पोत्यातून वास आला. जुनं ऑइल आणि लाकडाचा भुसा. मामाचं इंजिनदुरुस्तीचं दुकान मीच चालवते, हा वास मी झोपेतसुद्धा ओळखीन.

"चेनसॉ आहे," मी म्हणाले. "आणि बंद पडलाय."

"बंद पडलाय हेही वासानं कळलं?"

"चालू असता तर असा आपटला नसतास."

तो हसला. एकाच गालानं हसतो तो... तेव्हाच सावध व्हायला हवं होतं मी.

"इथं दुरुस्तीचं दुकान कुठे आहे गं?"

"दुकान त्या कोपऱ्यावर आहे. दुकानवाली तुझ्यासमोर उभी आहे. जेनाऊ म्हणतात मला."

दुकानात पोतं सोडलं आणि माझी बडबड थांबली. एवढं थोर यंत्र माझ्या टेबलावर कधी आलं नव्हतं. पातं माझ्या हातापेक्षा लांब. मूठ एकाच माणसाच्या तळव्यानं झिजून गुळगुळीत झालेली. पण कार्बोरेटर गायब, ओढायच्या दोरीचा स्टार्टर गायब, साखळीवरचं झाकण गायब. तोडफोड मात्र कुठेच नव्हती. कुणीतरी हलक्या हातानं भाग काढून स्क्रू परत जागच्या जागी बसवले होते.

"भाग कुठे आहेत?"

"आपाईकडे," तो म्हणाला.

"मग आण की बापाकडून मागून."

"आपाई सेबायानला गेला... इंदाईनं ते त्याच्या कबरीवर ठेवलेत. तिकडे त्याला कामाला होतील म्हणून."

मी जीभ चावली. सेबायानमधून, मेलेल्यांच्या त्या मुलखातून, कुणी काही मागून आणत नाही. त्यांच्या वस्तूंना कुणी बोटसुद्धा लावत नाही.

मग त्यानं आपली अडचण सांगितली. नदीच्या वरच्या अंगाला त्यांचं नवं लाँगहाउस उठत होतं, एकाच लांब छपराखाली सगळ्या गावाच्या खोल्या रांगेनं. ज्याच्या त्याच्या खोलीच्या फळ्या ज्यानं त्यानं आणायच्या. गवाईच्या सणाआधी फळ्या आल्या नाहीत तर शेजारची कुटुंबं सरकून जागा भरून काढणार, आणि उम्पांगची आई, इंदाई, रांगेच्या पार टोकाला जाणार. तिच्या आजीपासून ती खोली मधोमध होती. लोखंडासारख्या टणक लाकडाच्या बेलियानचं एक झाड आपाईनं त्यासाठीच राखलेलं होतं. गावातले बाकीचे चेनसॉ ज्याच्या त्याच्या फळ्यांत अडकलेले.

"होईल का गं?"

"होईल. पण उठसूट येऊन 'होईल का' विचारायचं नाही."

त्यानं ते पाळलं. दर बाजाराला यायचा, पण विचारायचा नाही, काहीतरी घेऊन यायचा. एकदा ऐटीत पाण्याच्या पंपाचा कार्बोरेटर घेऊन आला.

"हा सरळ बसूनच पितो," मी म्हणाले. "आडवा केलास की ओकेल. चेनसॉला आडवा-उभा कसाही चालणारा लागतो."

"म्हणजे माझ्यासारखा?"

"तू तर काहीच कामाचा नाहीस. हात पुढे कर."

तो तळवा पसरायचा, मी त्यावर स्क्रू ठेवायची आणि लागेल तसा एकेक उचलायची. टेबलावर वाट्या होत्या की! पण वाट्या मी वापरल्या नाहीत, आणि त्यानंही कधी विचारलं नाही.

स्टार्टर लाकडाच्या गिरणीमागच्या भंगारात सापडला. झाकण मी होडीच्या जुन्या पत्र्यातून कापून ठोकून घडवलं. कार्बोरेटरसाठी खाली सिबू शहरापर्यंत निरोप गेले. तो आला तेव्हा भोकं जुळेनात, म्हणून मी मधे एक पट्टी घासून बसवली.

मग दोरी ओढली. काही नाही. परत ओढली. यंत्र खोकलं, निळा धूर निघाला... आणि एकदम गर्जना! छप्पर थरथरलं, समोरच्या चहावाल्याचे पेले वाजले, माणसं दारात आली. मी किती इंजिनं चालू केली असतील, पण अंगावर असा काटा कधी आला नव्हता. मेलेलं काहीतरी माझ्या हातात श्वास घ्यायला लागलं होतं.

मी यंत्र बंद केलं तेव्हा उम्पांगचे डोळे भरले होते.

"हाच आवाज," तो म्हणाला. "डोंगरापलीकडून यायचा. तो थांबला की आपाई जेवायला यायचा."

त्या क्षणी मला कळलं की मी या माणसाच्या प्रेमात पडले आहे. अगदी पुरती.

पहिल्या कापाला कारागीर हवा, असं निमित्त काढून मी त्याच्याबरोबर नदीनं वर गेले. इंदाई व्हरांड्यात चटई विणत होती. चेनसॉकडे तिनं बघितलंच नाही. मुलाला पेट्रोल आणायला पिटाळलं आणि मला निरखलं.

"तीच का तू? जिच्यासाठी माझा मुलगा दर बाजाराला दोनदा अंघोळ करतो?"

मी लाजले. पुढचं ती हळू आवाजात बोलली.

"मेलेल्याला द्यायच्या वस्तूचं आपण काय करतो, पोरी?"

"फोडतो. इथं फुटलेलं तिथं अखंड होतं."

"ते भाग मी फोडलेले नाहीत. तेल लावून, गुंडाळून ठेवलेत."

हळूहळू माझ्या डोक्यात उजेड पडला. तिनं ते नवऱ्याला दिलेच नव्हते, मुलापासून लपवले होते. कबरीसारखी जागा दुसरी कुठली!

"झाड अंगावर पडलं त्याच्या," इंदाई म्हणाली. "आवाज थांबला, आणि मला वाटलं, जेवायला येतोय. मी पान वाढून बसले... अजून वेळ आहे गं. एक स्क्रू फिरव फक्त, म्हणजे ते चालूच होणार नाही."

माझा हात खिशातल्या स्क्रूड्रायव्हरवर गेला. खरं सांगते, फिरवला असता. खोली टोकाला गेली तर गेली, तो तर राहील! पण त्याच्याशी खोटं बोलणं मला जमेना. तो पेट्रोल भरून यंत्र घेऊन निघाला, तशी मी मागोमाग बेलियानच्या झाडाखाली जाऊन त्याला सगळं सांगितलं.

"माहीत आहे," तो म्हणाला. "कबरीचं छप्पर शाकारताना पाहिले मी ते भाग, अखंड. तिनं लपवलेलं तिला न विचारता कसं उचलू? पण टोकाच्या खोलीत ती एकटी पडेल, जेनाऊ. तेही मला बघवणार नाही." मग त्यानं विचारलं, "तू सांग. चालू करू?"

मी वर बघितलं. शेंडा दिसतच नव्हता.

"कुठे पडणार हे?"

"त्या उताराला."

"आणि तू पळणार कुठून?"

त्यानं दाखवलं. वेली छाटून मागे वाट मोकळी केली होती, चांगली रुंद.

"कर चालू. आणि... परत ये."

"आलो तर काय देशील?"

"आधी ये तर!"

मी इंदाईशेजारी येऊन बसले. आवाज सुरू झाला, लाकडात शिरला, जड झाला. मग कडाड्! पायाखालची जमीन हादरली, पाखरं उडाली, आणि सगळं शांत झालं.

इंदाईचे हात विणीवर थिजले. किती वेळ गेला कोण जाणे... आणि पलीकडून तो आवाज परत सुरू झाला, एका सुरात, शांतपणे. उम्पांग फळ्या काढायला लागला होता.

"हे असं रोज असतं," इंदाई म्हणाली. "तरी येशील आमच्या खोलीत?"

"येईन. पण इथं बसून ऐकणार नाही. मी त्याच्याबरोबर झाडाखाली जाणार."

तिनं हातातली वीण खाली ठेवली.

"इतकी वर्षं," ती सावकाश म्हणाली, "मला हे सुचलंच नाही."

तिनं चटई बाजूला सारली आणि उठली. आम्ही दोघी उतारावर गेलो. काजळीत भिजवलेल्या दोरीनं लाकडावर आखलेली एक रेघ, बाकी सगळं नजरेनं, आणि त्या राक्षसी लाकडातून सरळ, तांबूस फळी सुटत होती. इंदाईनं नवऱ्याचं हे काम जन्मात कधी पाहिलं नव्हतं. तिनं माझा हात घट्ट धरला.

आम्हाला बघून उम्पांगनं चेनसॉ बंद केला. आवाज थांबला, आणि इंदाई हसत होती.