धाकटीच्या नावानं आलेला फोन

बसा, एक गोष्ट सांगतो. चोर मध्येच ओळखलात तर गप बसा, बाकीच्यांची मजा घालवू नका.

आमच्या गल्लीत एक बाई गुप्तहेरगिरी करायची. लोकांनी नाव पाडलं सुई. तिच्या मागं तिचा भाऊ, तो दोरा. सुई जाईल तिथं जायचा, पण गुंता करत.

एका सकाळी गल्लीतल्या दोघी बहिणींतली धाकटी रडत आली. सतरा वर्षांची पोर, चष्म्याच्या दुकानात पहिलीच नोकरी लागत होती.

"दुकानदार म्हणतो, तूच फोन करून नको म्हणालीस. मी केलाच नाही हो! आता जागा दुसरीला देतोय."

सुईनं बायोडाटा पाहिला. अनुभवाच्या जागी लिहिलेलं : अंथरुणाला खिळलेल्या आजोबांची सर्व देखभाल.

मग सगळे दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, "आवाज हिचाच. म्हणाली, आजोबांना सोडून येता येणार नाही. पाणीसुद्धा चमच्यानं डाव्या गालात सोडावं लागतं, नाहीतर ठसका लागतो."

"हिची मैत्रीण!" दोरा म्हणाला. "तिनंही तिथंच अर्ज टाकलाय. जळते ती."

"जळतेच," दोऱ्यानं ओढून आणलेली मैत्रीण फणकारली. "माझ्या बायोडाटात शाळेपलीकडं काही नाही. हिला आजोबा तरी आहेत! मी त्यांना दारातूनच बघितलंय."

सगळे धाकटीच्या घरी गेले.

"आजोबांना पाणी दे गं," सुई म्हणाली.

धाकटी भरलेला पेला घेऊन निघाली. थोरली बहीण पोळी तव्यावर टाकून धावली. "अगं, मारशील त्यांना!" पेला हिसकावला, चमचा घेतला, डाव्या गालात पाणी सोडलं.

"फोन करणारी सापडली," सुई म्हणाली.

"कुठाय?" दोरा.

"अरे ठोंब्या, चमचा नि गाल बायोडाटात नाही. मैत्रिणीला ठाऊक नाही, धाकटीलाही नाही. बहिणींचे आवाज फोनवर सारखेच. खोटं बोलतानाही हिच्या तोंडून हिचं काम खरं खरं आलं."

थोरली चमचा धरून उभीच. "केला मीच. रात्री मी उठायचं, चादरी मी धुवायच्या, आणि ही माझं काम स्वतःच्या नावावर लिहून नोकरीला चालली! मला कधी कुणी विचारलं, बाई, तुला काय येतं?"

धाकटीनं दुकानात फोन लावला. "काका, आजोबांचं मी खोटं लिहिलं. ते ताई करते. मला अनुभव नाही, पण शिकेन."

पलीकडं दुकानदारानं वहीची पानं उलटल्याचा आवाज. मग, "उद्या ये. काचा पुसण्यापासून सुरुवात."

धाकटी कोरा कागद घेऊन थोरलीपुढं बसली. "सांग ताई, तुला काय काय येतं?"

"जळो तुझा बायोडाटा," थोरली म्हणाली. पण बसली.

तर मंडळी, ओळखीत कुणाचं म्हातारं माणूस अंथरुणात असेल, तर अर्ध्या दिवसासाठी थोरलीला बोलवा. पगार मात्र नीट द्या हं, फुकट तिनं पुष्कळ केलंय.