बिरोबाला बोललेली धाव

"सोड पोरीचा हात! बापाच्या नावानं पळणार हाय ती. तू कोण गं आडवी येणार?"

भामाबाईंचा चढलेला आवाज कुपवाडच्या त्या दोन खोल्यांतून थेट गल्लीत गेला आणि शेजारच्या शालूबाई पिठाचे हात तसेच घेऊन दारात येऊन उभ्या राहिल्या. सोनमच्या एका पायात बूट होता, दुसरा आजीच्या हातात. आणि उत्कर्षा... उत्कर्षाने लेकीचं मनगट असं घट्ट धरलं होतं, जणू उंबऱ्यापलीकडे रस्ता नव्हे, खोल विहीरच होती!

"आत्ती, तिला पळायला लावू नका. तुमच्या पाया पडते."

"का? काय धाड भरलीय तिला?"

उत्कर्षाने मनगटावरची मूठ आणखी आवळली. ज्या माणसाला शपथ दिली होती, तो शपथ सोडवायला आता कुठे होता?

तानाजीला, सोनमच्या बापाला, जाऊन आज वर्ष झालं होतं. त्याच्या स्मरणार्थ मैदानावर मुलींचे खो-खोचे सामने ठेवले होते, त्याचा हसरा फोटो छापलेला मोठा फ्लेक्स लागला होता. भामाबाई महिन्यापूर्वीच आरेवाडीला जाऊन, मुठीत भंडारा घेऊन बिरोबाला नवस बोलून आल्या होत्या : वर्षाच्या दिवशी घरचं माणूस त्याच्या मैदानावर पळंल, तवाच माझ्या लेकाचा जीव सुटंल!

आणि काय माणूस होता तो! पहाटेची पाळी करून, लेथवरच्या तेलाच्या वासासकट घरी यायचा, अंघोळ करून सोनमच्या दोन वेण्या स्वतः घालायचा, आईच्या गुडघ्यांना तेल चोळायचा, आणि ऊन कलतं न कलतं तोच शिट्टी गळ्यात अडकवून मुलींना खो-खो शिकवायला मैदानावर! ना पगार, ना मानधन. नूरीनचे अब्बा मुलीला खेळायला सोडेनात, तेव्हा रोज संध्याकाळी त्यांच्या उंबऱ्यावर जाऊन बसायचा. "चाचा, चहा नको, पोरगी द्या," म्हणायचा. शेवटी तेच हसून शरण आले. तासगावचे बेदाणे खिशात ठेवून दमलेल्या पोरींच्या ओंजळीत घालणारा, हरलेल्या पोरीला आधी पाणी पाजून मग चूक सांगणारा...

आणि उत्कर्षा? गल्लीच्या लेखी ती फक्त दारात आडवी उभी राहणारी बायको होती. "अहो, आज नका ना जाऊ!" हे रोजचं भांडण सगळ्यांनी ऐकलं होतं, त्यामागचा आकांत कुणालाच ठाऊक नव्हता. एकदा तानाजी मैदानावर चक्कर येऊन पडला, तेव्हा उपाशीपोटी होतो म्हणून त्याने हसण्यावारी नेलं होतं. मिरजेच्या डॉक्टरांनी मात्र सांगितलं, हृदयाचा स्नायू जन्मतःच जाड आहे. शिकवा, पण पळू नका. येताना गाडी थांबवून त्याने उत्कर्षाचा हात स्वतःच्या डोक्यावर ठेवला होता... "आईला कळता कामा नये. आमचे वडील, बापू, असेच उभ्या उभ्या गेले. माझंबी कळलं तर ती जित्तेपणीच मरंल. घे शपथ!"

तिने घेतली. त्यानेही बरेच दिवस नुसत्या शिट्टीवर भागवलं. पण एका संध्याकाळी नूरीनला काही केल्या खांबाजवळ सूर मारणं जमेना, आणि "अशी झेप घ्यायची बघ" म्हणत तो स्वतःच झेपावला... तो उठलाच नाही.

तेव्हापासून सासूचं एकच. "रोजची किरकिर! त्या घोरानंच माझा लेक गेला. पांढऱ्या पायाची!" उत्कर्षाने तेही गिळलं. मग माहेरी जाते असं सांगून ती सोनमला मिरजेला घेऊन गेली. आणि तिथे ऐकलं, लेकीचं हृदयही बापाचंच! जपलं तर आयुष्य निघेल, पण पळायचं नाही.

"वहिनी, पोरी मैदानात पाटीवर ओळीनं बसल्यात. सोनमला सोडा की आता," तानाजीचा जोडीदार इंद्रजित दारात येऊन म्हणाला. उत्कर्षाचं लक्ष क्षणभर त्याच्याकडे गेलं, आणि तेवढ्यात...

"एकदाच पळते मम्मी! पप्पांसाठी!" हिसका देऊन सोनम सुटली होती.

उत्कर्षा अनवाणी धावली. गल्ली, चौक, चहाचा गाडा... लोक बघत होते, तिला काही दिसत नव्हतं, फक्त पुढे उडणाऱ्या दोन वेण्या! मैदानाच्या कडेलाच तिने पोरीला गाठलं आणि छातीशी कवटाळून मातीतच बसली.

मागून धापा टाकत भामाबाई आल्या. "चार माणसांत लाज काढलीस! त्याला जगू दिलं न्हाईस, आता मेल्यावरबी सुटू दीना झालीस व्हय गं?"

आणि मग वर्षभराचा बांध फुटला.

"तिचं काळीज त्यांच्यासारखं आहे, आत्ती! पळाली तर तीही जाईल! म्हणून मी दारात आडवी उभी राहायचे... त्यांचा मैदानाचा नाही, मरणाचा रस्ता अडवत होते मी! तुम्हाला कळू नये म्हणून शपथ घातली होती त्यांनी. बापूंनाही तेच असणार, डॉक्टर म्हणाले. त्या घराच्या रक्तातच आहे ते..."

भामाबाईंच्या हातातला बूट गळून पडला.

"मेंढरामागं पळता पळता पडलं त्ये," त्या स्वतःशीच बोलल्यासारख्या बोलल्या. "आटपाडीच्या माळावर. तानाजी पाळण्यात हुता. सासूनं सांगितलं, ह्या पांढऱ्या पायाच्या बाईनं खाल्ला माझा लेक. मेंढरांच्या वाड्यावर कुणी माझ्या हातचं पाणी घेतलं न्हाई... म्हंजी, माझ्या पायगुणानं न्हाई गेलं त्ये?"

"नाही आत्ती. कधीच नाही."

"आन् माझा लेक तुझ्या पायगुणानं न्हाई." म्हातारीचा चेहरा वेदनेने पिळवटला. "जे मला बोलल्यालं, तेच म्या तुला बोलली गं माझे बाय! तोंड कसं झडलं न्हाई माझं!"

त्या सुनेच्या पायांकडे वाकल्या. उत्कर्षाने त्यांना मध्येच धरलं, आणि मग दोघीही एकमेकींच्या खांद्यावर हंबरडा फोडून रडल्या.

इंद्रजितने डोळे पुसले. "काकी, नुसता हार घालू या फोटोला."

"थांब रं. देवाला बोललीया मी. घरचं माणूस पळंल असं बोललीया, पोरीचं नाव न्हाई घेतल्यालं." भामाबाईंनी लुगड्याचा काष्टा आवळला. "माझं काळीज त्या घरचं न्हाई. माझ्या बापाचं हाय."

"आत्ती, अहो तुमचे गुडघे!"

"दुखूंद्यात."

आणि त्या पळाल्या! लंगडत, कण्हत, एका हाताने पदर सावरत, डोळ्यांतून अखंड धारा वाहत... पाठमोऱ्या बसलेल्या नूरीनच्या पाठीवर थाप पडली.

"खो!"

नूरीन हुंदका देऊनच उठली आणि वाऱ्यासारखी सुटली. तिच्या रिकाम्या पाटीवर भामाबाई मटकन बसल्या. उत्कर्षा धावत जाऊन त्यांच्या शेजारी बसली, सोनमला मांडीत घेऊन. भोवती खेळ सुरू झाला; त्यांना कुणी ऊठ म्हटलं नाही.

दम आवरल्यावर भामाबाईंनी नातीच्या छातीवर हलकेच तळवा ठेवला आणि सुनेकडे न बघताच म्हणाल्या,

"रातचं उठून उठून हिच्या छातीला कान लावतीस. बघितलंय म्या. आईचं येड म्हणून मी कूस बदलायची. आता निम्मी रात तू नीज. निम्मी मी जागती."