ठमाबाईचं विरजण

मुलांनो, डोळे मिटा आणि कल्पना करा...

चिखलोलीचं जुनं गावठाण. चहूबाजूंनी उंच इमारती, मधे एक कौलारू घर. सर्वपित्री अमावस्येची संध्याकाळ. लाईट गेलेली. ओटीवर आजोबा बसलेत. जागचे हलत नाहीयेत.

आणि आतल्या खोलीतून त्यांच्याच चालण्याचा आवाज येतोय...

ठक्... घस्स्.

ठक्... घस्स्.

हसू नका. हे गेल्या वर्षी खरंच घडलंय. ज्या मुलीने तो आवाज ऐकला, ती माझ्याकडे शिकवणीला येते. मनाली तिचं नाव. तिने सांगितलं तसंच सांगतो, पदरचं काही घालत नाही.

मनालीच्या आजोबांना, बुधाजींना, साखरेचा आजार. पायाला बधिरपणा. श्रावणात बांधावर टाचेत खिळा घुसला, तो त्यांना कळलाही नाही. जखम चिघळली. काठी टेकायची, मग तो पाय ओढायचा. ठक्, घस्स्. घरभर तोच आवाज.

डॉक्टर म्हणाले, "दसऱ्याच्या आत भरत आली नाही, तर पाऊल काढावं लागेल."

मनालीची आई भाविका अंबरनाथच्या एमआयडीसीत एका छोट्या प्रयोगशाळेत कामाला. तिथलं काम ऐकण्यासारखं आहे. शेजारच्या उल्हासनगरला जीन्स शिवतात, धुतात. धुताना कापडाची खळ पाण्यात उतरते आणि पाणी नाल्याला जातं. ही मंडळी ते पाणी आणतात, खळीची साखर करतात आणि त्यात जंतू सोडतात. जंतू ती साखर खातात आणि पाण्यावर पांढरी, जाड साय धरतात. ती साय उकळून, धुऊन जखमेवर लावायची पट्टी होते.

डॉक्टरांच्या देखरेखीत ती पट्टी बुधाजींच्या टाचेला लागली.

जखम मोजायचं काम मनालीचं. दर रविवारी आई चौकटी आखलेलं पारदर्शक प्लास्टिक जखमेवर धरायची. मनाली मार्करने जखमेची कड काढायची आणि आतली घरं मोजायची. घरं कमी झाली, तर जखम भरतेय.

घरं कमी होत नव्हती.

त्यात प्रयोगशाळेतली सगळी साय नासली.

"आता महिनाभर पट्टी नाही, आई," भाविका सासूला म्हणाली.

"मंग घरी लाव," ठमाबाई म्हणाल्या.

"ते काय दही आहे?"

"तूच बोललीस ना गो, विरजणासारखं असतं म्हनून? आता मला येडी नको बनवू."

वापरलेली पट्टी पिवळ्या पिशवीत घालून हॉस्पिटलला परत द्यायची, असा नियम. ठमाबाईंनी शेवटची पट्टी दिली नाही. विरजण कुणी फेकतं का? त्यांनी तांदळाची पेज निववली, साखर घातली आणि थाळ्यात पट्टी सोडली. वर फडकं घालून थाळा तांदळाच्या पिंपामागे ठेवला. कुणाला काही बोलल्या नाहीत.

उकळलेल्या पट्टीतले जंतू खरं तर मेलेले असतात. तरी साय धरली...

ती टाचेला लावायची वेळच आली नाही. जखम आपोआप भरायला लागली.

घरात आनंदीआनंद. बुधाजींनी काठी माळ्यावर टाकली. "बघ ठमे, आता तुझ्यापुढं चालतो!"

"चाला. पन गुत्त्याच्या वाटंला नको."

सगळे हसले. मनालीही हसली.

आणि दुसऱ्या दिवशी, शाळेतून आल्यावर, तिने तो आवाज ऐकला...

ठक्... घस्स्.

आजोबा तर शेतावर गेले होते. काठी माळ्यावर होती.

आवाज पिंपामागून येत होता.

तिने फडकं उचललं.

सायीला मधोमध भोक पडलं होतं. एका बाजूला रुंद, दुसऱ्या बाजूला शेपटीसारखं निमुळतं. मनालीला तो आकार पाठ होता. तिनेच तर दर रविवारी काढला होता. आणि भोकाभोवतीच्या सायीवर बारीक भेगा उमटल्या होत्या...

म्हाताऱ्या टाचेवर असतात तशा.

तिने आईला ओढत आणलं. भाविका आधी सासूवर भडकली. मग चौकटींचं प्लास्टिक आणलं आणि त्या रविवारपासून टाच आणि थाळा, दोन्ही मोजले.

टाचेवर जेवढी घरं कमी व्हायची, थाळ्यात तेवढीच वाढायची. एकही इकडे तिकडे नाही.

"जखम भरत नाहीये, आई," भाविका हळूच म्हणाली. "फक्त जागा बदलतेय."

ठमाबाईंनी पदर तोंडाला लावला.

सर्वपित्रीच्या दुपारी, पितरांना पान ठेवून झाल्यावर, भाविकाने मनाचा हिय्या केला. सगळी साय पिवळ्या पिशवीत घातली आणि गाठ मारली.

ओटीवरून बुधाजींचा आवाज आला.

"भाविका... माझा पाय ओला का गो लागतोय?"

ओटीच्या फरशीवर रक्ताचं थारोळं होतं. भरलेली टाच उकलली होती.

ठमाबाईंनी धावत जाऊन पिशवी फाडली. साय थाळ्यात गेली.

रक्त थांबलं. टाच मिटली.

आणि थाळ्यातलं भोक एकदम पसरून जवळजवळ काठाला टेकलं.

संध्याकाळी लाईट गेली. बुधाजी ओटीवर हलायलाही घाबरत होते. आत तिघी पिंपाजवळ बसल्या होत्या.

ठक्... घस्स्.

"आई, काठाला लागलं की काय होईल?" मनालीने विचारलं.

"माहीत नाही गं."

"मग ती जखम कुठे जाईल?"

भाविकाने लेकीच्या अनवाणी पावलांकडे पाहिलं... आणि नजर फिरवली. जंतूंची सगळी कुंडली माहीत असलेली बाई. तिने लेकीची पावलं थाळ्यापासून दूर सारली.

मुलांनो, पुढे डॉक्टरांनी बुधाजींची पाठ थोपटली, पाऊल वाचलं. आजही ते बांधावर जातात. पण त्या घरावरून जाताना मी झपझप चालतो.

त्या संध्याकाळी मनालीने काय केलं, ते सांगून थांबतो.

ती उठली. गणपतीत मोदकांना लागते ती सगळ्यात मोठी परात तिने माळ्यावरून काढली. घासली, पुसली, पिंपामागे थाळ्याला लागून ठेवली.

मग अंधारातच पेजेचे तांदूळ धुवायला बसली.