ओथोची बंदूक

कंदील जरा बारीक कर रे, पोरा. डोळ्यांवर येतोय. हरणं काही पहाटेआधी यायची नाहीत, तेव्हा ऐका. हार्लन टीट्स माझ्याबरोबर बावीस वर्षं काचेच्या कारखान्यात होता. त्यानं मला आजवर एकही थाप मारलेली नाही.

गेल्या वर्षी नोव्हेंबरची चौदा तारीख, गुरुवार. संध्याकाळी पावणेसातला हार्लन लॉरेल फोर्कच्या रस्त्यानं आयलीन वाइल्फाँगकडे निघाला. तिचा नवरा ओथो एप्रिलमध्ये वारला होता. हार्लननं त्याला कधी पाहिलेलं नव्हतं. ओथोच्या पणजोबानं यादवी युद्धातून घरी आणलेली बंदूक आता तिला विकायची होती. ही खबर दिली डॉर्सी किंबलनं. डॉर्सी म्हणजे हार्लनचा तीस वर्षांचा जिवलग. जुनी हत्यारं पारखायला हार्लननंच त्याला शिकवलेलं.

"आजच घेऊन टाक," डॉर्सी फोनवर म्हणाला. "सोमवारी तिचा पुतण्या ती लिलाववाल्यांकडे नेतोय. मी स्वतः बघितलीय, अस्सल आहे. उगाच भिंग लावून रात्र काढू नकोस, म्हाताऱ्या!"

आयलीनकाकूंनी दार उघडलं, हातात कॉफी दिली. "बैठकीत टेबलावर ठेवलीय. सावकाश बघ बाळा. मी भांडी उरकते."

बैठकीत शेगडीजवळच्या खुर्चीत एक म्हातारा बसला होता. अंगात कोट, डोक्यावर टोपी. काकूंचा भाऊ असेल, असं हार्लनला वाटलं. त्यानं मान लववली. म्हाताऱ्यानंही लववली.

हार्लननं आधी गज नळीत सोडून पाहिला. पार तळापर्यंत गेला, म्हणजे आत बार नाही. मग घोड्याजवळची पाटी. गरुड, खाली १८६२. स्क्रूच्या खाचा शाबूत. दस्त्याच्या डाव्या अंगाला तपासनिसाचा लंबगोल शिक्का, हवा तेवढाच पुसटलेला. लोखंडाचा रंगही जुना, लाकडाचाही. डॉर्सी खरं बोलला होता. हार्लननं खिशातलं चेकबुक काढलं.

"पट्टी काढ."

म्हातारा बोलला होता. बंदुकीकडे बघत.

"काय म्हणालात?"

"मधली पट्टी. काढ."

हार्लन जरा ओशाळला. हे तर त्यानं न सांगता करायला हवं होतं. नळी लाकडाला आवळून धरणारी ही लोखंडी पट्टी त्यानं इतक्या वर्षांत प्रत्येक बंदुकीची काढून पाहिली होती. आज नाही. कारण आज डॉर्सीचा शब्द होता.

त्यानं पट्टी सरकवली.

खालचं लाकूड पांढरं होतं. कोरं. म्हणजे जुनेपणाचा रंग नुसता वरून चढवलेला.

बाकीच्या पट्ट्याही काढून त्यानं नळी उचलून उलटी केली. तळाशी तीन बारीक टिंबं. एका ओळीत.

सुटे भाग जुळवताना खूण म्हणून तीन टिंबं मारायची... ही त्याची स्वतःची पद्धत. जगात ती आणखी एकालाच ठाऊक होती.

"माझी कुठाय?" म्हातारा म्हणाला.

हार्लननं वर पाहिलं नाही.

"माझी... कुठाय?"

शेगडी पेटलेली होती. तरी हार्लनच्या स्वतःच्या तोंडातून वाफ निघत होती...

"काकू!" तो ओरडला.

काकू हात पुसत आल्या. खुर्ची रिकामी होती.

"काकू, ही बंदूक मधे कुणाकडे होती?"

"डॉर्सीकडे. मे महिन्यात साफ करायला घेऊन गेला होता. भला माणूस, एक पैसा घेतला नाही."

"आणि... या खुर्चीत कोण बसलं होतं?"

काकूंनी खुर्चीकडे पाहिलं.

"ओथो गेल्यापासून तिथं कुणी बसत नाही, हार्लन."

नऊ वाजून दहा मिनिटांनी हार्लननं डॉर्सीचं दार ठोठावलं. डॉर्सीनं त्याचा चेहरा पाहिला आणि त्याला कळलं.

"लिलाववाल्यांनी पट्टी काढली असती," तो खाली बघत म्हणाला. "तुझ्या भिंतीवर गेली असती तर कुणी हात लावला नसता."

"मी काढली असती."

"नाही." डॉर्सीचा आवाज अगदी हळू झाला. "मी अस्सल म्हटल्यावर तू नसती काढलीस. म्हणून तर तुला फोन केला."

हार्लन मला म्हणाला होता, ओथोला पाहून बसला नाही एवढा धक्का हे ऐकून बसला. त्यानं हात पुढे केला.

"खरी बंदूक दे. आत्ता. काकूंना परत द्यायचीय."

डॉर्सी त्याला आत घेऊन गेला. काचेचं कपाट. कुलूप लावलेलं. किल्ली डॉर्सीच्या गळ्यात. त्यानं दिवा लावला...

मधली खाच रिकामी होती.

"इथंच होती," डॉर्सी पुटपुटला. "जेवायच्या आधी पाहिलीय मी. हार्लन, शपथ—"

हार्लनला ती शपथ ऐकायची नव्हती. त्याची नजर काचेवर गेली. तिथं तेलकट पंजा उमटला होता. पाचही बोटं, स्वच्छ. हार्लननं शर्टाची बाही काचेवर घासली. एकदा. दोनदा.

पुसला जाईना.

पंजा आतल्या बाजूनं होता.