आधी काम, मग दिवा

भाजी घेऊन परत येताना, वेगाच्या काट्याशेजारी एक पिवळा पाना उगवला. पाना म्हणजे पान्याचं चित्र हो, नखाएवढं. इंजिन चालत होतं, ब्रेक लागत होते, मागे कोबी या दारापासून त्या दारापर्यंत लोळत होता. सगळं जिथल्या तिथे आणि मधेच हा पिवळा.

"सर्व्हिसिंगचा दिवा," बायको म्हणाली. "नेमका आत्ताच?"

त्या 'आत्ताच'मध्ये रविवार होता. रविवारी आमची थोरली लेक येणार होती.

मागच्या महिन्यात माझा उजवा पाय ब्रेकवरून घसरला आणि गाडी फाटकाच्या खांबाला घासली. खांबाला काही झालं नाही. दोष गुडघ्याचा. तो वाजतो. जिना उतरताना प्रत्येक पायरीला कट्, कट्. खाली स्वयंपाकघरात उभी राहून बायको सांगू शकते, मी कितव्या पायरीवर आहे ते. तर थोरलीनं तेव्हा फोनवरच निकाल देऊन टाकला होता. "बाबा, यापुढे त्या गाडीची एक जरी तक्रार निघाली तर मी ती विकणार. आईनं रडून दाखवलं तरी."

आई रडणारी नाही, हीच तर पंचाईत. गाडी तिच्या थोरल्या भावाची. मेहुणेबुवा गाड्यांचे मिस्त्री होते, गावातले नावाजलेले आणि तितकेच तिरसट. गेल्या वर्षी गेले आणि जाताना गाडी बहिणीला ठेवून गेले. दर शनिवारी दुपारी आम्ही ती घेऊन गावाबाहेरच्या तळ्यावर जातो. बायको चपला काढते, पाय वर घेते, काच खाली करते आणि थर्मासमधला चहा संपेपर्यंत पाण्याकडे बघत बसते. भाऊ गेल्यापासून ती सगळं अंग सैल सोडून बसते अशी जगात ती एकच खुर्ची आहे. ती विकायची नव्हती.

गाडी सर्व्हिसिंगला टाकावी, तर दादाच्या गाडीला परका हात लावू द्यायला बायको तयार नव्हती. म्हणून मी सोपा मार्ग काढला. दिवाच विझवायचा.

मी जन्मभर विमा कंपनीसाठी ठोकलेल्या गाड्या तपासल्या. पोचा बघून, कोण थापा मारतोय ते सांगायचो. मला फसवणं अवघड आहे. मी दुसऱ्यांना फसवतो, ती गोष्ट वेगळी. शेजाऱ्यानं मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. किल्ली बंद. काट्याजवळचं ट्रिपचं बटण दाबून धरायचं. तसंच धरून किल्ली एक घर पुढे, इंजिन चालू करायचं नाही. पाना लुकलुकतो, लुकलुकतो आणि मावळतो. झालं सर्व्हिसिंग!

दुपारी गॅरेजचं शटर अर्धं वर करून मी तसंच केलं. बायको दाराशी उभी होती.

"दादा काय म्हणायचा? आधी काम, मग दिवा. काम न करता दिवा विझवला तर ते काम कुणाच्या तरी अंगावर बसतं."

"तुझा दादा आता तपासायला येणार आहे का?"

पाना मावळला. शटर ओढून मी कुलूप लावलं आणि छान झोप काढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी शटर उघडलं तर वास आला. ताज्या ऑइलचा, आणि मागे थोडा रॉकेलचा. सवयीनं बॉनेट उघडून ऑइलची काडी काढली. आदल्या दिवशी तिच्यावर डांबरासारखं काळं ऑइल होतं, हे मी स्वतः बघितलेलं. आज ते मधासारखं होतं. काडीच्या टोकाशी एक थेंब लोंबत होता आणि त्यातून पलीकडची खिडकी दिसत होती.

मग डिकी उघडली. आत एक पुडकं होतं.

मेहुण्यांची एक सवय सांगायला हवी. बदललेला जुना भाग ते कधी फेकत नसत. फडक्यात गुंडाळून, वरून तांब्याची बारीक तार आवळून ते पुडकं डिकीत ठेवायचे. गिऱ्हाइकानं घरी जाऊन उघडावं आणि खात्री करावी की मिस्त्रीनं नुसतं बिल लावलेलं नाही. तारेचं टोक ते आत वळवायचे, कुणाच्या बोटाला लागू नये म्हणून. माणसांशी बोलताना इतकी काळजी घेतली असती तर चार मित्र जास्त मिळाले असते.

पुडक्यावर तांब्याची तार होती. टोक आत वळवलेलं. आत जुना फिल्टर, काळाकुट्ट. आणि फडकं आमच्या जुन्या चादरीचं, पिवळ्या फुलांच्या. बायकोनं ती चादर भावाला फडक्यांसाठी दिली होती. उरलेल्या चिंध्या त्यांच्या वर्कशॉपबरोबर गेल्या, त्या आम्ही दोघांनी स्वतः कचऱ्याच्या गाडीत टाकलेल्या.

"तू कुणाला बोलावलंस?" मी विचारलं.

"कुलपाची किल्ली तुमच्या उशाखाली होती," ती म्हणाली. तिनं फडक्यावरून हात फिरवला, त्याची घडी केली आणि साडीत खोचली. दिवसभर ती काहीतरी गुणगुणत होती.

माझ्यातला तपासनीस गप्प बसेना. त्या संध्याकाळी मी गॅरेजच्या फरशीवर भिंतीपासून भिंतीपर्यंत पावडर भुरभुरवली, अंगाला लावायची, मोगऱ्याच्या वासाची. त्याआधी, दिवा लागलेला नसतानाही, गाडीत बसून बटण दाबलं होतं, किल्ली फिरवली होती. ब्रेक किंचाळतात, एवढं मोठ्यानं बोललो. आपलं सहज.

आतून बायको ओरडली, "हॉर्न पण बसलाय म्हणावं!"

सकाळी पावडर होती तशी होती. दाराशी पाऊल नाही, भिंतीशी नाही. फक्त गाडीखाली, कुणी पाठीवर झोपून सरकावं तशी एक रुंद, गुळगुळीत वाट उमटली होती. ती गाडीखालीच सुरू होत होती आणि गाडीखालीच संपत होती.

डिकीत दोन पुडकी. हॉर्न असा वाजला की शेजारी चहा सांडून बाहेर आला.

मला भीती वाटली का? खरं सांगू? मला आनंद झाला. इतका चोख माणूस फुकट मिळत असेल तर कोण कशाला चौकशी लांबवतो! घासलेल्या दाराचं सांगितलं, तर दार असं झालं की थोरलीला खांब आठवेना.

रविवारी तिनं गाडी स्वतः चालवून बघितली. गावाला वळसा घालून आली, उतरली, बॉनेटवर हात ठेवून उभी राहिली.

"गाडी उत्तम आहे," ती म्हणाली. "कोणी केली?"

"मामानं," बायको म्हणाली.

थोरलीनं माझ्याकडे बघितलं. मी छताकडे.

"बरं. पण गाडीचा प्रश्नच नाही बाबा. प्रश्न तुमच्या गुडघ्याचा आहे. पुढच्या रविवारी मला स्टेशनवर तुम्ही सोडायचं. मी शेजारी बसेन. पाय एकदा जरी अडखळला, तर किल्ल्या माझ्या पर्समध्ये."

ती गेल्यावर बायकोनं रिकामे कप उचलले. "तळं काही पळून जात नाही," ती म्हणाली. "बसनं जाऊ." बस तळ्यापर्यंत जात नाही, हे दोघांनाही माहीत होतं.

शुक्रवारी जेवण झाल्यावर मी गॅरेजमध्ये गेलो. बाहेर लख्ख ऊन होतं. गाडीत बसलो. एका हातानं बटण दाबलं, दुसरा हात गुडघ्यावर ठेवला.

"मेहुणे," मी म्हणालो, "वेळ असेल तर जरा इकडेही बघा."

किल्ली फिरवली. पाना लुकलुकला.

मावळायला नेहमीपेक्षा वेळ लागला.

सीट मागे करून मी तिथेच डोळे मिटले. झोपेत रॉकेलचा वास आला. कुणीतरी तोंडानं च्च् केलं, जुनं काम उघडून बघितल्यावर मिस्त्री करतात तसं. गुडघ्याला गार काहीतरी लागलं. दुखलं नाही.

जाग आली तेव्हा ऊन उतरलं होतं. मी उतरलो. दोन पावलं चाललो. मग जिना चढलो, उतरलो, पुन्हा चढलो.

आवाज नाही.

"कुठे आहात?" बायकोनं खालून विचारलं. पहिल्यांदाच तिला विचारावं लागलं.

रविवारी मी थोरलीला स्टेशनवर सोडलं. वाटेत तीन कुत्री, एक हातगाडी आणि एक नवरदेवासारखा रस्त्याच्या मधोमध चालणारा इसम आडवा आला. पाय लोण्यासारखा फिरत होता. उतरताना तिनं किल्ल्यांकडे हात केला नाही. गालावर हात फिरवून म्हणाली, "जपून जा, बाबा." खिडकीतून हात हलवत राहिली.

त्यानंतरच्या शनिवारी आम्ही तळ्यावर गेलो. बायकोनं चपला काढल्या, पाय वर घेतले. थर्मास काढायला मी डिकी उघडली.

तोवर मी ती मुद्दाम उघडली नव्हती.

पुडकं छोटं होतं. मुठीएवढं. पिवळी फुलं, तांब्याची तार. मी उचललं. ते कोमट होतं.

"सोडू का?" मी विचारलं.

"नको," ती पाण्याकडे बघतच म्हणाली. "दादानं खात्री करायला ठेवलंय. तुमची झालीय ना? मग राहू द्या."

चहा चांगला झाला होता. आम्ही ऊन मावळेपर्यंत बसलो. असा शनिवार बऱ्याच दिवसांत आला नव्हता.

पुडकं अजून डिकीतच आहे. गाडी उत्तम, गुडघा उत्तम. सकाळी मी जिना उतरतो तेव्हा पायातून काही म्हणजे काही आवाज येत नाही. आमच्या स्वयंपाकघराची भिंत गॅरेजला लागून आहे. बायको त्या भिंतीशी कप घेऊन उभी असते आणि मी शेवटच्या पायरीवर पाय ठेवला, की बरोबर त्याच वेळी चहा ओतते.

"तुला कसं कळतं?" मी परवा विचारलं.

"ऐकू येतं की. कट्, कट्," ती म्हणाली आणि भिंतीला कान लावला. "पुन्हा जा बरं वर."